युरिया म्हणजे युरिया

घरात असलेली वस्तू गावातून विकत आणायची नाही. ट्वेटांच्या घरातला हा पहिला नियम. आणि पहिल्या नियमाला 'का?' असं विचारायचं नाही, हा दुसरा.

मी या घरातली डिझेल पिकअप बोलतेय. हे दोन्ही नियम मला शोरूमच्या दारातच कळले. विकणारा माणूस मोठ्या प्रेमाने माझ्यासाठी रबरी पायपुसणी दाखवत होता. माझा नवा मालक लीलंड ट्वेट त्याला म्हणाला, "घरी धान्य चढवायच्या पट्ट्याचं रबर पडलंय. कापलं की झालं." विकणाऱ्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. लीलंडने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने ते लगेच मिटलं. सहा वर्षं झाली, त्या पट्ट्याचा तुकडा अजून माझ्या पोटात आहे आणि अधूनमधून सरकत सरकत ब्रेकखाली जाऊन बसतो.

लीलंड अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. पूर्व मॉन्टानाच्या माळावर त्याची दोनशे गुरं आहेत, एक विहीर आहे आणि प्रत्येक गोष्टीवर एक मत आहे. माणूस वाईट नाही. हिवाळ्यात वासरू गारठलं की त्याला माझ्या पुढच्या सीटवर बसवतो आणि हीटर त्याच्याकडे वळवून स्वतः कुडकुडतो. पण एकदा त्याच्या डोक्यात एखादी गोष्ट बसली, की ती काढायला क्रेन लागते.

माझा जन्म इथून फार दूर, दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटाखाली, इंजिनापासून शेपटीपर्यंत, एकामागून एक तीन डबे बसवले गेले. पहिला डबा धुरातलं अर्धवट जळलेलं इंधन जाळतो. दुसरा काजळी अडवतो आणि पुरेशी साठली, की तापून तिची राख करतो. तिसरा सगळ्यात नाजूक. धुरात जो विषारी वायू असतो, जो दिसत नाही पण छातीत जाऊन बसतो, त्याचा बंदोबस्त याच्याकडे. त्यासाठी त्याला एक खास पाणी लागतं. डिझेलच्या झाकणाशेजारी निळ्या टोपणाची एक छोटी टाकी आहे; पाणी तिच्यात ओतायचं. मग एक बारीक नोझल ते धुरावर फवारतं.

बस, एवढीच माझी मागणी. पन्नास माप डिझेल प्यायले तर जेमतेम एखादं माप ते पाणी. पण आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना या निळ्या टोपणाचा असा काही राग, की जणू ते त्यांच्या वडिलांच्या जमिनीवर कुणी बसवलंय.

"डुकराचं मूत आहे ते," डेल्बर्ट सांगतो. डेल्बर्ट म्हणजे शेजारी. शेजारी म्हणजे सहा मैलांवर राहणारा. लीलंडचा शाळेपासूनचा दोस्त. "तिकडे आयोवात डुकरांच्या गोठ्याखाली नळ लावलेत. थेट बाटलीत."

"खरं की काय?" लीलंड विचारतो.

"मला एकाने सांगितलं."

डेल्बर्टला नेहमी एकाने सांगितलेलं असतं. तो एक कोण, हे आजवर कुणालाच कळलेलं नाही. त्याच एकाच्या सांगण्यावरून डेल्बर्टने स्वतःच्या पिकअपचे तिन्ही डबे कापून टाकले आणि त्यांच्या जागी सरळ पाइप जोडला. तेव्हापासून तो गावात शिरला, की आधी धूर येतो, मग आवाज येतो आणि सगळ्यात शेवटी डेल्बर्ट येतो.

माझी गोष्ट बिघडली ती फेब्रुवारीतल्या एका सकाळी. पाणी संपत आलं म्हणून मी घंटी वाजवली. लीलंडने रिकामा डबा हातात घेतला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यावरचा कागद वाचला. मग तो तसाच स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. मी अंगणातच उभी होते, त्यामुळे उघड्या दारातून सगळं ऐकू आलं आणि दिसलंही.

"आर्डिस! हे काय आहे माहितीय? युरिया आणि पाणी! एवढंच! दुसरं काही नाही!"

आर्डिस त्याची बायको. चोपन्न वर्षांच्या संसारात ती कमी बोलायला शिकली आहे. "बरं मग?"

"मग काय! कोठारात गुरांच्या खाद्यात मिसळायच्या युरियाची पोती आहेत. विहिरीत पाणी आहे. आणि आपण वीस मैल जाऊन हेच विकत आणतोय!"

"त्यावर 'शुद्ध पाणी' लिहिलंय, लीलंड."

"आपल्या विहिरीला काय झालंय?"

आर्डिसने आपल्या चहाच्या किटलीकडे पाहिलं. त्या किटलीत आतून क्षारांचा इतका जाड थर आहे, की चार कपांच्या किटलीत आता तीनच कप मावतात.

"युरिया म्हणजे युरिया," लीलंडने निकाल दिला आणि कोठाराकडे चालू लागला.

मला सांगा, मी काय करणार होते? त्याने निळ्या पिंपात विहिरीचं पाणी घेतलं, पोतं फाडलं आणि कुंपणाच्या जुन्या दांड्याने ढवळलं. पहिल्या वेळी निदान वजनकाट्यावर तोलून घातलं. दुसऱ्या वेळी कॉफीच्या डब्याने मोजलं. तिसऱ्या वेळी अंदाजपंचे. हाच माणूस गुरांच्या खाद्यात युरिया मिसळताना चमचा चमचा मोजतो, कारण जास्त झाला तर गाय तासाभरात आडवी होते. मी गाय नाही, हा माझा गुन्हा.

तयार झालेलं ते पाणी त्याने निळ्या टोपणाच्या जुन्याच डब्यात भरून ठेवलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, की दुकानातूनच आणलंय.

माझ्याजवळ बोलायला एकच जागा आहे, समोरचा छोटा पडदा. मार्चमध्ये मी तिथे नारिंगी दिवा लावला. लीलंडने त्यावर बोट ठोकून पाहिलं. मी लिहिलं, की पाण्याची प्रत तपासा. लीलंड म्हणाला, "गाडीने माणसाला शिकवू नये."

तरी तो मला शहरातल्या एका गॅरेजात घेऊन गेला. तिथल्या माणसाने यंत्र लावलं, यंत्राने एक नंबर दाखवला आणि त्याने पुस्तकात पाहून तिसऱ्या डब्याच्या मागचा सेन्सर बदलला. टाकीचं झाकण उघडून आत काय आहे, ते काही पाहिलं नाही. दहा दिवसांनी दिवा पुन्हा लागला. झालं! लीलंडच्या हातात पुरावाच आला. "बघ," तो डेल्बर्टला म्हणाला, "ही सगळी यंत्रणाच बोगस आहे." हे म्हणताना त्याचा आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा होता. मला वाटतं, त्याला तेव्हाच कुठेतरी शंका आली होती. शंका आली, की म्हातारी माणसं आवाज चढवतात.

मग त्याने माझ्या पडद्यावर काळी टेप चिकटवली. दिसत नाही म्हणजे नाही.

टेपखाली मी बिचारी आकडे मोजत होते. दीडशे मैलांनंतर वेग ताशी पाच मैल. शंभर मैलांनंतर. चाळीस. कंपनीने मला तसंच बनवलंय. विषारी धूर सोडत मी धावू शकत नाही. आधी सांगते, मग ओरडते आणि शेवटी पाय आखडते.

पाय आखडले ते नेमके बैलांच्या बाजाराच्या दिवशी. मागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये दोन विक्रीचे बैल आणि गाव अजून तीन मैल दूर. लीलंडने ॲक्सिलरेटर जमिनीपर्यंत दाबला. मी ताशी पाच मैलांनी चालू लागले. शाळेची बस आम्हाला ओलांडून गेली. मागच्या खिडकीतली पोरं हात हलवत होती. एक ट्रॅक्टर ओलांडून गेला. मग मागून ओळखीचा धूर आला, ओळखीचा आवाज आला आणि डेल्बर्ट शेजारी येऊन काच खाली करून ओरडला, "लीलंड! बैल चालत नेले असतेस तर आधी पोचले असते!"

"गप बस आणि ट्रेलर जोडून घे!"

"जोडतो की. पण आता तरी डबे कापायचे ना? की पुढच्या खेपेला बैलांनीच हिला ओढत न्यायचं?"

लीलंडचे कान लाल झाले होते. "शनिवारी," तो म्हणाला. "शनिवारी कटर घेऊन ये."

असा माझा निकाल बुधवारी, रस्त्याच्या कडेला, मला न विचारता लागला. तीन डबे कापायचे. ज्यांच्यामुळे मी मी आहे, ते तिन्ही. मग मीही डेल्बर्टच्या गाडीसारखी काळी शेपूट मिरवत हिंडणार.

त्याच संध्याकाळी सिग्नी आली.

सिग्नी लीलंडची नात. तिचे वडील शहरात विमा विकतात, पण ही पोरगी लहानपणापासून इथे, गुरांत आणि यंत्रांत वाढली. दोन वर्षं कॉलेजात डिझेल इंजिनांचं शिक्षण घेऊन ती नुकतीच परतली होती. येत्या सोमवारपासून तालुक्याच्या शाळेच्या बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये तिची नोकरी सुरू होणार होती. लीलंडला तिचा अभिमान आहे, हे तो सगळ्यांना सांगतो. फक्त तिला सांगत नाही.

ती आली, माझ्यात बसली आणि पहिलं काम म्हणजे तिने ती काळी टेप टरकन् ओढून काढली.

"आजोबा, हे काय?"

"डोळ्यांवर येतं ते."

"डोळ्यांवर यावं म्हणूनच तर आहे ना!" तिने पडद्यावरचं सगळं वाचलं. "महिनाभर ही ओरडतेय, आणि तुम्ही तिच्या तोंडाला टेप लावलीत?"

मला त्या क्षणी हॉर्न वाजवावासा वाटला.

"शनिवारी डेल्बर्ट येतोय," लीलंड म्हणाला. "डबे काढायचे. आणि बरं झालं तू आलीस. त्याचा वेल्ड भोकाभोकाचा असतो, दिसत नाही त्याला आता. कापायचं आणि जोडायचं काम तू करायचंस. घरात मेकॅनिक असताना बाहेरचा कशाला?"

सिग्नीने टेपचा गोळा करून खिशात टाकला. "हे बेकायदा आहे, माहितीय ना? सोमवारी नोकरीला लागायचंय मला."

"आपल्या शेडमध्ये कोण बघायला येतंय?"

"शनिवारपर्यंत मला शोधू द्या. काय बिघडलंय ते तरी कळू दे."

"शोध की. शहरातल्या गॅरेजवाल्याला नाही सापडलं, तुला सापडेल."

हे वाक्य त्याने टोमणा म्हणून मारलं होतं. पोरीने ते आव्हान म्हणून घेतलं.

गुरुवारी सकाळी तिने मला शेडमध्ये उचलून चार लोखंडी स्टँडवर ठेवलं आणि स्कॅनर लावला. लीलंड दारात कॉफीचा मग घेऊन उभा. तो मदत करायला येत नाही, लक्ष ठेवायला येतो.

"काय म्हणतंय यंत्र?"

"म्हणतंय की तिसरा डबा काम करत नाही."

"मग डबा खराब. मी काय सांगत होतो?"

"आजोबा, वासरू ओरडतंय म्हणजे ते भुकेलं असेल, अडकलं असेल, नाहीतर त्याची आई दुसरीकडे असेल. तुम्ही ओरडणं ऐकूनच गोळी घालता का?"

लीलंडने कॉफीचा घोट घेतला. फार लांब घोट.

तिने इंजिन सुरू केलं, मला गरम होऊ दिलं आणि आकडे वाचले. तिसऱ्या डब्यात शिरताना विषारी वायू चारशे, बाहेर पडताना तीनशे साठ. म्हणजे डबा नुसताच बसून होता. शहरातल्या माणसाने इथेच थांबून सेन्सर बदलला होता. सिग्नी थांबली नाही. ती माझ्याखाली सरपटत गेली, दोन बोल्ट काढले आणि नोझल बाहेर काढलं.

नोझलच्या तोंडावर पांढरी खपली होती. मिठासारखी, पण दगडासारखी टणक.

तिने आर्डिसची जॅमची रिकामी बरणी आणली, नोझल तिच्यात धरलं आणि स्कॅनरवरून मला फवारायला सांगितलं. फवारा कसला! टप... टप... टप. म्हाताऱ्याच्या नळासारखं. म्हणजे जुन्या नळासारखं, असं म्हणायचं होतं मला.

ती बरणी आणि खपलीचा एक तुकडा घेऊन सिग्नी स्वयंपाकघरात गेली. मी शेडमध्येच होते, पण पुढचं सगळं आर्डिसने नंतर फोनवर आपल्या बहिणीला दोनदा सांगितलं, आणि फोनवर बोलताना ती अंगणात येरझारा घालते.

सिग्नीने आधी कपाटातून चीक मोजायची नळी काढली. आमच्याकडे ती प्रत्येक घरात असते. गाय व्याली की पहिल्या चिकाचा एक थेंब तिच्या काचेवर ठेवायचा आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. चीक दाट असला तर आतली रेघ वर दिसते, पातळ असला तर खाली. सिग्नीने येताना गावातून निळ्या टोपणाचा एक सीलबंद डबा आणला होता. त्यातला थेंब ठेवला. रेघ तिसाच्या आसपास. मग माझ्या टाकीतल्या पाण्याचा थेंब ठेवला. रेघ अठरावर.

"आजी, या चिकावर वासरू जगेल का?"

आर्डिसने डोळा लावला. "मरेल."

मग सिग्नीने बशीत खपलीचा तुकडा ठेवला. गरम पाणी ओतलं. अर्धा विरघळला, अर्धा राहिला. राहिलेल्या अर्ध्यावर तिने आर्डिसच्या लोणच्याचं व्हिनेगर ओतलं. चुर्र करून फेस आला.

आर्डिस बशीकडे बघतच राहिली. "अगं, ही तर माझी किटली!"

लीलंड टेबलाच्या टोकाला बसून ब्रेडला लोणी लावत होता. एकाच ब्रेडला तो बराच वेळ लोणी लावत होता.

"आजोबा," सिग्नी म्हणाली, "हे पाणी कुठून आणलंत?"

"डब्यातून."

"डब्यात कुठून आलं?"

"ओतलं तेव्हा आलं."

"कुणी ओतलं?"

"मला कुंपण बघायचंय," लीलंड म्हणाला आणि उठला. कुंपण त्याने सकाळीच पाहिलं होतं. दारापर्यंत गेल्यावर आर्डिस त्याच्या पाठीला म्हणाली, "चाळीस वर्षं मी पाणी हलकं करायचं यंत्र मागतेय, लीलंड. तू म्हणतोस, विहिरीला काय झालंय. ते बघ, बशीत फसफसतंय काय झालंय ते."

दार जरा जोरात लागलं.

सिग्नी कोठारात गेली. तिथे फाडलेलं पोतं होतं, पिंप होतं आणि टोकापासून हातभर पांढरा झालेला कुंपणाचा दांडा होता. ती कुणावर ओरडली नाही. पिंपाला एक लाथ मात्र मारली.

शुक्रवार माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस. तिने माझी छोटी टाकी उतरवली, धुतली, पुन्हा धुतली. नळ्या धुतल्या. नोझल बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात भिजवून, त्याच्या सुईसारख्या टोकाला धक्का न लावता मोकळं केलं. काम करताना ती स्वतःशी बोलत होती, आणि त्यातलं बरंचसं वडीलधाऱ्यांना ऐकवण्यासारखं नव्हतं. मग सीलबंद डब्यातलं पाणी ओतलं, स्कॅनरवरून माझ्या वेगाचा लगाम सोडवला आणि मला घेऊन ती मोठ्या रस्त्यावर निघाली.

वीस मैल गेल्यावर मला तिसऱ्या डब्यात काहीतरी जागं झाल्यासारखं वाटलं. शिरताना चारशे. बाहेर पडताना दोनशे. मग नव्वद. मग तीस. चढावर तिने पाय दाबला आणि मी धावले. दिवा आपोआप विझला. सिग्नीने माझ्या स्टिअरिंगवर दोन थापा मारल्या, घोड्याच्या मानेवर मारतात तशा.

तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी असेल तर एवढंच सांगते: ती दिवा लावते तेव्हा तिला नटायचं नसतं. आणि तिच्या टाकीत काय ओतायचं हे ठरवताना तुमच्या कोठारात काय पडून आहे, हा मुद्दा नसतो.

मला वाटलं होतं, गोष्ट इथेच संपली. पण मी म्हाताऱ्यांना विसरले होते.

शनिवारी सकाळी धूर आला, आवाज आला आणि डेल्बर्ट आला. हातात कटर. लीलंडने त्याला येऊ नको असं सांगितलंच नव्हतं. आर्डिस कॅरामल रोलचा ट्रे घेऊन शेडमध्ये आली, कारण आमच्याकडे काम कसलंही असो, रोल असतातच.

"कुठून सुरुवात करायची?" डेल्बर्ट माझ्याखाली वाकून म्हणाला.

"कुठूनच नाही," सिग्नी म्हणाली. ती माझ्या चाकाला टेकून उभी होती. "बरी झालीये ती. काल पन्नास मैल पळवली. दिवा विझला."

"विझला?" डेल्बर्टचा चेहरा पडला. इतक्या लांबून कटर आणून काही कापायला न मिळणं त्याला पटेना. "लीलंड?"

लीलंडने घसा साफ केला. "विझला तर विझला. परत लागेल. आणि ते पाणी दर महिन्याला विकत आणायचं, ते आहेच. त्यापेक्षा कापून टाकू, म्हणजे प्रश्नच मिटला. सिग्नी, तू काप. डेल्बर्ट धरेल."

"मग झालं तरी काय होतं हिला?" डेल्बर्टने विचारलं. "गावात कॉफीला जमतात ते सगळे विचारतायत. बुधवारपासून गावात दुसरा विषय नाही."

लीलंडने सिग्नीकडे पाहिलं नाही. "धुराच्या डब्यांतला फिल्टर खराब निघाला," तो म्हणाला. "कंपनीचंच काम कच्चं. आम्ही काढून टाकला. असं सांगायचं. काय गं सिग्नी?"

आता मला कळलं, तो कापायच्या मागे का लागला होता ते. मी तशीच धडधाकट गावात गेले तर कुणीतरी विचारणार, मग बिघडलं काय होतं? डबे कापून भंगारात गेले, की विचारायला कुणी उरत नाही. आपलं एक पिंप झाकायला म्हातारा माझे तीन डबे कापायला निघाला होता.

"पोरी, घे," डेल्बर्टने कटरची वायर बोर्डात खोचून तो पुढे केला. "आजोबा सांगतायत ना? मोठ्यांनी सांगितलं की करायचं."

सिग्नीने कटर घेतला. तिने त्याची वायर बोर्डातून काढली, नीट गुंडाळली आणि कटर डेल्बर्टच्या हातात परत दिला.

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे मी कापणार नाही, डेल्बर्ट. आणि तुम्हीही नाही. तुमच्या गाडीमागून शाळेची बस येते तेव्हा ड्रायव्हर पोरांना खिडक्या लावायला सांगतो, हे तुम्हाला एकाने सांगितलं नाही वाटतं? सोमवारपासून त्या बसगाड्यांखाली मी असणार आहे."

डेल्बर्टने तोंड उघडलं.

"थांबा, माझं झालं नाही." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता, आणि त्यामुळे जास्त ऐकू येत होता. ती लीलंडकडे वळली. "आजोबा, गाय आजारी पडली तर आधी दावणीत काय टाकलं होतं ते बघ, हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच. मी तेच केलं. दावणीत तुम्ही टाकलं होतंत. पाणी विहिरीचं, युरिया गुरांचा आणि माप डोळ्यांचं. चुकलं, धुतलं, संपलं. मी त्यावर हसलेसुद्धा नसते. पण ती बरी झाल्यावर, केवळ तुम्हाला कॉफीच्या टेबलावर मान खाली घालावी लागू नये म्हणून, तिला कापायचं, तेही माझ्या हातांनी? आणि वर तिचंच नाव खराब करायचं? नाही. फिल्टर खराब होता असं मी कुणालाही सांगणार नाही. सोमवारी मला विचारतील. मी खरं सांगेन. त्याआधी तुम्हाला सांगायचं असेल, तर आज शनिवार आहे, कॉफी अजून गरम असेल, आणि गाडी तयार आहे."

तिने माझी किल्ली लीलंडसमोर धरली.

डेल्बर्टने लीलंडकडे पाहिलं. लीलंडने किल्लीकडे पाहिलं. आर्डिसने रोलचा ट्रे दोघांच्या मधोमध धरला. कुणी हात लावला नाही. सहा वर्षं मी या दोघांना ऐकतेय. एकाला धाप लागली, की दुसरा सुरू होतो. त्या सकाळी दोघंही एकदम गप्प होते. माझं इंजिन बंद होतं, त्यामुळे ती शांतता मला नीट ऐकू आली.